पाठीतलं इंजेक्शन

"पाठीत इंजेक्शन देऊ का? कळा सोसवतील," डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. माझ्या वेळी आईने हूं की चूं केलं नव्हतं, हे आमच्या घरात लहानथोरांना पाठ होतं. तिच्या देखत मी कशी हार मानणार?

पुढची कळ आली तशी मी पलंगाची कड घट्ट धरली. आईने माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि कानाशी वाकून म्हणाली, "घे गं ते. मी अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. तुझ्या आजीच्या हाताला कडकडून चावलेसुद्धा."

त्या कळेतही मला हसू फुटलं. मी इंजेक्शनच्या संमतीच्या कागदावर सही केली.

अर्ध्या तासाने दुखणं ओसरलं आणि आम्ही मायलेकी निवांत गप्पा मारू लागलो.

"मग इतकी वर्षं खोटं का सांगितलंस?"

"मी कुठे सांगितलं?" आई म्हणाली. "घरची मंडळी आली तेव्हा तुझी आजीच चावलेला हात पाठीमागे लपवून त्यांना म्हणाली, 'तोंडातून अवाक्षर काढलं नाही हो पोरीने!'"