सुरी न लागलेला बैल

उजेड आधी वालूरबाहेरच्या पांढऱ्या टेकाडावर आला. मग कापसाच्या रानावरून, कसलीच घाई नसल्यासारखा, हळूहळू खाली उतरला. खड्ड्याच्या काठाशी थबकला आणि अखेरीस तळातल्या बैलाच्या सांगाड्यावर, एकेका बरगडीवर, स्थिरावला. चंद्रभान एकटाच ते पाहत बसला होता. उत्खननासाठी येऊन महिना झाला, तरी गावात त्याचे कुणी नव्हते. दोन्ही वेळा तो जमिनीचे मालक दिनकरराव यांच्या ओसरीवर जेवे. मूळ गाव विचारले, की "औरंगाबाद" म्हणे आणि ताटाकडे पाही.

शाळेतली मुले खोदकाम पाहायला वेशीकडून आली. तिथल्या भिंतीवरच्या विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणेवर कुणीतरी चुना फासला होता.

चंद्रभानने मुलांच्या हाती खालच्या थरातली, प्राचीन वस्तीतली हाडे दिली. "सांध्याजवळ बोट फिरवा. बारीक रेघ लागते? कातडे सोलताना सुरी तिथे घासते."

"आन् ह्या अख्ख्या बैलाला एकबी रेघ न्हाई," नववीतली चतुरा म्हणाली.

"त्या प्राचीन लोकांनी देव मानून पुरला असावा."

हेच तो दुपारी विभागप्रमुखांना सांगणार होता. बैल प्राचीन ठरला, तरच खोदकाम पुढे चालणार होते.

बांधावरून दिनकरराव हसले. "आमच्या रानात देव निघाला म्हना की, सर!"

"पन सर," चतुराने खड्ड्याच्या भिंतीकडे बोट केले, "बैल पुरलेला खड्डा तर वरच्या काळ्या मातीपासूनच खांदल्याला दिसायलाय. मंग बैल खालच्या लोकांचा कसा?"

"सराहून शहाणी झालीस व्हय गं?" दिनकरराव म्हणाले. आता ते हसत नव्हते.

मुलगी उत्तराची वाट पाहत होती. तिने माती अचूक वाचली होती. आज तिला खोटे ठरवले, तर ती पुन्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नव्हती.

"तुझे बरोबर आहे," चंद्रभान म्हणाला. "बैल जुना नाही. दिनकरराव, तो तुमचा आहे. तुम्हीच पुरलात."

दिनकरराव बांधावर खाली बसले. म्हणाले, "बैल मेला त्या साली म्हारवाड्यातल्या लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली आन् मेलेलं ढोर वढायचं सोडलं. माझ्या हातानं वढत आनला मी. सोयऱ्यांनाबी कळू दिलं न्हाई. तुमाला कुनी सांगितलं?"

चंद्रभानने हातातला कुंचला खाली ठेवला.

"तुमच्या दारात 'मी ओढणार नाही' म्हणालेला सिताराम माझा बाप."