खुणेचा माणूस

जालिंदरच्या पापणीवर बाळाबाई भंडारा चोळत होत्या. तो गाढ झोपेत. शेतीची वीज रात्रीची, म्हणून पहाटेपर्यंत कांद्याला पाणी देऊन आलेला आणि ओसरीतल्या बाजेवर आडवा झालेला. बाळाबाईंनी लेकाच्या उजव्या पापणीवर बोट फिरवलं, मग डाव्या. नाकाच्या बाजूला दोन पिवळे ठिपके दिसत होते, नेमकं तिथंच. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले. काहीतरी पुटपुटल्या असत्या तरी बरं, असं त्यांच्या सुनेला वाटायचं.

पुष्पाच्या लग्नाला आठ महिने झाले होते. आठ महिने ती रोज सकाळी हेच बघत होती. तो डाग आंघोळीच्या नुसत्या पाण्यानं जायचा नाही.

या घराण्यात खूण येते म्हणे. मेंढरं राखायची तेव्हापासून. भैरवनाथ ज्याच्या डोळ्यांना आपला भंडारा लावतो, यात्रेत देवाची काठी त्यानंच धरायची. मान केवढा! पहिला नारळ त्याचा, पहिली पंगत त्याची. एवढंच, की खुणेचा माणूस पंचेचाळिशी बघत नाही. जालिंदरचा आजा मेंढरांमागं चालता चालता गेला. बाप राघू, काठी खांद्यावर असताना देवळाच्या पायरीवर टेकला तो उठलाच नाही. चालताबोलता गेला, सोनं झालं, असं भावकी अजून कौतुकानं सांगते. चाळिशीतल्या माणसाचं कसलं डोंबलाचं सोनं!

पुष्पा नारायणगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिला ते ठिपके माहीत होते. रक्तातलं जादा कोलेस्टेरॉल यकृतानं ओढून घ्यायचं असतं. काही घराण्यांत यकृताला ते जन्मापासूनच जमत नाही. मग ते रक्तात फिरत राहतं आणि हृदयाच्या नळ्या आतून लिंपत जातं. थोडं कातडीखाली साठतं, तेवढंच आपल्याला दिसतं.

तिनं जालिंदरला परोपरीनं सांगून बघितलं. तो हसायचा.

"अगं, खुणेच्या माणसानं औषध घ्यायचं नसतं. त्याचं रक्तबी काढत न्हाईत. देवाचं असतं ते."

छत्तीस वर्षांचा गडी. कांद्याची गोणी एकटा खांद्यावर घ्यायचा. पुष्पाचा त्याच्यावर लई जीव होता. आणि आज यात्रा होती. थोड्या वेळानं काठी घेऊन तो देवळाच्या पायऱ्या पळत चढणार होता, बाप चढला होता तशाच.

बाळाबाई वाटी घेऊन आत गेल्या तशी पुष्पा उठली. नवरा येत नाही तर नाही, निदान खुणेचा फोटो तरी डॉक्टरांना दाखवू, असं तिनं ठरवलं होतं. तांब्यातल्या पाण्यात तिनं पदराचं टोक भिजवलं, त्यावर जरा साबण घासला आणि हलक्या हातानं उजवी पापणी पुसली. पुन्हा पुसली. पिवळं सगळं पदराला आलं. ती मोबाईल घेऊन वाकली.

पापणी साफ होती.

तिनं डावी पुसली. तीही साफ. ना ठिपका, ना फुगवटा. चारचौघांसारखी कातडी, झोपेत जराशी फडफडणारी. मग रोज सकाळी ही बाई काय करत होती? जित्या लेकाच्या डोळ्यांवर मरण काढत होती?

"पुसलंस?"

बाळाबाई दारात उभ्या होत्या. आवाजात राग नव्हता, त्यानंच पुष्पाला जास्त भ्या वाटलं.

"आत्या, ह्यांना खूणच न्हाई! तुमी काढता ती. कशापायी? मानासाठी?"

"हळू बोल. उठंल तो." बाळाबाई उंबऱ्यावर बसल्या. "व्हती खूण. वाटाण्याएवढी. गोळीनं गेली. रोज रातच्याला कुटून दुधातनं देते मी."

पुष्पानं वळून बाजेवरच्या जालिंदरकडं बघितलं.

"त्याच्या बापालाबी डॉक्टरनं गोळ्या दिल्या व्हत्या. खूण पुसाया लागली, तशी भावकीनं काठी काढून घेतली. म्हनले, देवानं टाकला तुला. त्या दिसापासनं त्यानं गोळीला हात लावला न्हाई. खूण परत आली, काठी परत आली, आन् पुढचं तुला ठावं हाय. ह्यो त्याचाच लेक. खूण गेल्याली कळली तर कारण शोधंल. दूधबी पिणार न्हाई मग."

खालच्या आळीतून ढोल वाजायला लागला. भावकी निघाली होती, जालिंदरला न्यायला. बाळाबाई लगबगीनं वाटी घेऊन आल्या. पण वाटी हातात कलली, भंडारा लेकाच्या गालावर सांडला. दुसरा हात छातीवर दाबून त्या बाजेचा खूर धरून खालीच बसल्या. चार पावलांत त्यांना दम लागला होता.

पुष्पानं त्यांच्या हातातली वाटी घेतली. बोट बुडवलं. उजवी पापणी, मग डावी. आजवर ज्याची चीड आली तेच काम ती करत होती, आणि तिला रडू येत होतं.

ढोल जवळ आला. तिनं खाली बसून सासूचा हात धरला. तो गार पडला होता.

"आत्या, चिठ्ठीबिगर गोळ्या देतं कोण तुमाला?"

"चिठ्ठी हाय की. माझ्याच नावाची." बाळाबाई दोन श्वासांच्या मधे बोलत होत्या. "अडीच वर्सांमागं छातीत कळ आली, तवापासनं सरकारी दवाखान्यातनं मिळत्यात. म्हैन्याच्या म्हैन्याला. तेवढं डॉक्टरला सांगू नगंस, पोरी. त्यांना वाटतं, मीच खाते."