टेकडीवाले गोगटे

"अण्णा बरे आहेत," मोहन म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आता हे मागे घेता येणार नाही.

पलंगावरचे आत्मारामपंत त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उशीवर डोकं टेकून म्हणाले, "बरा असणारच. लोकांना शिव्या देणारी माणसं लवकर जात नाहीत."

अण्णा म्हणजे मोहनचे आजोबा. ते गेल्याची तार मोहनला हॉस्टेलवर मिळाली, तेव्हा पुण्यात सगळं आटोपलं होतं. तार खिशात घालून तो तसाच लॅबमध्ये गेला. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या त्या हॉस्टेलात कुणाला सांगणार, आणि काय सांगणार? त्यानंतर तो नुसता दमलेला होता. सकाळी उठताना दमलेला, जेवताना दमलेला. रडू मात्र एकदाही आलं नव्हतं.

अशात फ्रँकफर्टच्या, ओळखीतल्या सुलेखावहिनींनी गळ घातली. त्यांचे सासरे आत्मारामपंत पुण्याहून मुलाकडे राहायला आले आणि थोड्याच दिवसांत छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलात पडले. जर्मन येत नाही, सूप आवडत नाही, श्वेस्टरवर, म्हणजे नर्सवर, डाफरतात. "मामंजींशी तासभर मराठीत बोला हो. पण जपून. धक्का बसेल असं काही नको, डॉक्टरांनी बजावलंय."

म्हणून मोहन आला, नाव सांगितलं, आणि म्हातारा ताडकन उठून बसला. "गोगटे? टेकडीवाल्या गोगट्याचा नातू?" डॉक्टरांचं बजावणं आठवून मोहनने, त्यांनी पुढे काही विचारायच्या आतच, ते वाक्य बोलून टाकलं होतं.

पुण्यातल्या त्या दोन कॉलेजांना सगळे टेकडी आणि नदी असंच म्हणत. अण्णा तरुणपणी टेकडीचे गोलकीपर होते. पुढे पन्नास वर्षं त्यांनी टेकडीची एक मॅच चुकवली नाही. सामन्याच्या दिवशी पहाटे अंघोळ, गळ्यात विटका लाल मफलर, मग भर ऑगस्ट का असेना. टेकडी हरली की अण्णा रात्री फक्त ताक घेत. टेकडी बहुधा हरायचीच, त्यामुळे आजी त्या दिवशी स्वयंपाक बेतानेच करायची. आत्याला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मुलगा नदीचा निघाला म्हणून परत पाठवलं होतं. आणि मैदानाच्या समोरच्या बाजूला, नदीवाल्यांच्या पुढे उभं राहून जो माणूस अण्णांवर ओरडायचा, तो हा आत्माराम. जन्मभर दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा घेतला नव्हता.

"त्याला लिही," आत्मारामपंत निघताना म्हणाले, "पंचेचाळीस साली पंच आंधळा नव्हता. टेकडीचा गोलकीपर आंधळा होता."

पुढच्या रविवारी मोहन दारात असतानाच त्यांनी विचारलं, "काय म्हणतो गोगट्या?"

मोहन रात्रभर लॅबमधल्या भट्टीपाशी जागला होता. प्रयोग पुन्हा फसला होता. डोकं चालत नव्हतं, पण तोंडून आपोआप निघालं, "अण्णा म्हणतात, नदीवाल्यांना पोहायला सांगा. खेळणं त्यांचं काम नव्हे."

म्हातारा इतका हसला की श्वेस्टर धावत आली. त्या दिवशी त्यांनी सूप संपवलं.

मग दर रविवारी हेच. पुण्याला पत्र जाऊन उत्तर यायला पंधरवडा लागतो, पण आत्मारामपंत दर खेपेला ताजं उत्तर मागत आणि मोहन देत असे. म्हाताऱ्याच्या लक्षात येत नाही, असं त्याला वाटायचं. आठवडाभर लॅबमध्ये, ट्राममध्ये तो अण्णांच्या शिव्या जुळवत बसायचा. "आत्म्याला म्हणावं, हॉस्पिटलात पडून राहण्यात विशेष काय? तुमची टीम मैदानातसुद्धा पडूनच असते." हे बोलताना त्याचा आवाज अण्णांसारखा घोगरा व्हायचा. परतीच्या गाडीत मात्र तो आणखी थकलेला असायचा. मेलेल्या माणसाला दर रविवारी उठवून बसवायचं आणि पुन्हा एकट्यानं परत न्यायचं, हे सोपं नव्हतं.

डिसेंबरात आत्मारामपंतांना घरी सोडायचं ठरलं. आठवडाभरात ते पुण्याला निघणार होते. तिथे पाऊल ठेवताच त्यांना कळणार. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं, असं मोहनने ठरवलं. सोडायच्या दिवशी सुलेखावहिनी कागदपत्रांसाठी खाली गेल्या होत्या. आत्मारामपंत पलंगाच्या कडेला बसून ओव्हरकोटाची बटणं लावत होते.

"काका," तो म्हणाला, "अण्णा गेले. आपण भेटलो त्याच्या आधीच गेले. मी खोटं बोललो."

म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत. शेवटचं बटण लागलं.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "विमानात बसायच्या आदल्या आठवड्यात त्याला खांदा देऊन आलो मी."

मोहनने विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालास बरे आहेत. तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, पोराला अजून 'गेले' असा उच्चार करवत नाहीये. करवेल तेव्हा करू दे." त्यांनी कोटाची कॉलर सरळ केली. "आणि मलाही कुठे करवत होता रे?"

मोहन त्यांच्या शेजारी पलंगावर बसला. इतके दिवस आत अडून राहिलेलं काहीतरी सुटलं आणि त्याने तोंड हातांत धरलं. आत्मारामपंतांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसत विचारलं, "जड होते का हो?"

"नाही. घरच्यांनी निम्म्या वाटेपर्यंत आणलं. मैदानाच्या वळणावर आम्ही चौघे पुढे झालो. चौघेही नदीचेच, सगळे सत्तरीचे." आत्मारामपंतांनी लावलेलं बटण पुन्हा चाचपलं. "टेकडीचं कुणी उरलंच नव्हतं."