काचघरातला तिसरा श्वास

काचघरातल्या गव्हाच्या रोपांत तिनं समुद्री शेवाळाचं जनुक घातलं होतं. शेवाळ तिच्या दादानं खोल पाण्यातून आणलं होतं. पुढच्या बुडीनंतर तो सापडलाच नाही. घरी आई अजून वाट पाहत होती.

पानाला यंत्राचा चिमटा लावताना श्वास रोखायचा, नाहीतर उच्छ्वासानं कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढतो. आज आकडा संथपणे चढत-उतरत होता.

“काका, श्वास रोखा म्हटलं ना!”

“अगं, मी काचेबाहेर आहे. माझ्या नावानं कशाला खडे फोडतेस?” काचघराचा माळी बाहेरून ओरडला.

तिनं स्वतःचा श्वास कोंडला. आकडा तसाच हलत राहिला, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

ती दारापर्यंत मागे सरकली. “दादा?”

आकडा थांबला. लपाछपीत हाक ऐकली की दादा असाच श्वास रोखून धरायचा.