जुना तांदूळ, पाच किलो

"जुना एचएमटी तांदूळ, पाच किलो. पुष्पांजलीबाई टेंभरे." हर्षानं फोनवरून वाचून दाखवलं आणि दुलीचंदांचा हात काट्यावर तसाच थांबला.

"कोण म्हणालीस?"

"टेंभरे. बाबूजी, सात मिनिटांत थैली द्यायची आहे."

घरपोच किराण्याच्या फोनवरच्या अ‍ॅपवर दुकान चढवलं ते हर्षानं, त्यांच्या सुनेनंच. पहिला महिना परीक्षेचा होता. दोन थैल्या परत आल्या की दुकान यादीतून बाद, आणि एक परवाच परत आली होती, गुळाला मुंग्या लागल्या म्हणून. पण दुकानाची पायरी विसरलेली वीसेक घरं या बारा दिवसांत पुन्हा सामान मागू लागली होती, हेही खरं.

आणि आज पुष्पांजलीबाई. तीस वर्षं त्या पोत्यात हात घालत, एक दाणा उचलून दाताखाली धरत. कट वाजलं तर तांदूळ जुना. नाही वाजलं, तर रिकामी थैली घडी करून पुढच्या दुकानात. खुब्याचं हाड मोडल्यापासून वर्षभर त्या दिसल्या नव्हत्या.

हर्षानं सकाळीच भरून शिवलेली थैली पुढे सरकवली. दुलीचंदांनी तिचा दोरा उसवायला घेतला.

"बाबूजी, कायले उघडून राहिले?"

त्यांनी एक दाणा उजव्या दाढेखाली धरला. डावीकडच्या दाढा कधीच्या गेल्या होत्या. दाणा वाजला नाही, नुसता दबला.

"नवा आहे."

हर्षानं कोपऱ्यातल्या दोन पोत्यांकडे पाहिलं. काल झाडताना तिनंच त्यांच्या जागा बदलल्या होत्या.

"गिचका भात झाला असता बाईच्या घरी," दुलीचंद म्हणाले, आणि थैली पोत्यात रिकामी करू लागले.

बाहेर रेणू स्कूटीवर बसून होती. घरोघरी सामान पोचवायचं काम तिचं. "सेठजी, तांदूळ भरून राहिले का पेरून राहिले?"

दुसऱ्या पोत्यातला दाणा वाजला. पाच किलो भरून होईतो फोनवरचे आकडे लाल झाले होते. तरीही दुलीचंदांनी कागदाचा तुकडा घेतला, त्यात चिमूटभर तांदूळ बांधला आणि वरून दोरा गुंडाळून गाठ मारली.

"ही पुडी आधी दे. चावून पाहा म्हणावं, मग थैली घ्या. पसंत नसेल तर परत आण."

"परत आली तर आपण बाद होऊन जाऊ बाबूजी," हर्षा म्हणाली.

"माहीत आहे मले."

अर्धा तास हर्षा काउंटर पुसत राहिली. पुसलेलाच पुन्हा पुसला. स्कूटी आली तेव्हा तिनं आधी रेणूच्या पायाशी पाहिलं. थैली नव्हती. रेणूनं खिशातून पुडी काढून काट्याजवळ ठेवली. गाठ तशीच होती.

"सोडलीच नाही?" दुलीचंदांनी विचारलं.

"नाही. आजी वॉकर धरून दारातच उभी होती, फोन तिच्याच हाती. पाच दुकानं दिसत होती म्हणे, तुमचं नाव दिसलं तं तेच दाबलं. उशीर काऊन झाला म्हणून रागावली. मी सांगतलं, सेठजी दाणे चावून राहिले होते. मंग हासली."

"आणि पुडी?"

"म्हणे, वापस ने. माह्ये दात गेले आता. त्याईले सांग, यापुढं तुमीच चावून धाडत जा."

हर्षा हसली आणि तोंड फिरवून फडकं झटकू लागली. दुलीचंद पुडी हातात घेऊन उभे राहिले. मग कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं त्यांनी जिभेनं आपली उजवी दाढ चाचपून पाहिली.