लेकीची भिंत

"हे तरुण पोरांचं मासिक आहे की बँकेचं कॅलेंडर?" असं म्हणत संपादकांनी पॉप संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ पुन्हा परत पाठवलं. डिझायनर रडकुंडीला आली. हा अंक पडला तर मासिक बंद, आणि तिची नोकरीही. घरात सोळा वर्षांची लेक होती, पण विचारायची सोय नव्हती. "आई, तुला नाही कळणार ते," एवढं बोलून ती खोलीचं दार लावून घ्यायची.

शेवटी लेक क्लासला गेल्यावर आई चोरपावलांनी तिच्या खोलीत शिरली. भिंतभर गायकांचे फाडलेले फोटो, बँडेजच्या पट्ट्यांनी तिरके डकवलेले. लाडक्या ड्रमरला जांभळ्या स्केचपेनाने मिशा काढलेल्या. आईने पट्ट्यांसकट, मिशांसकट सगळं तस्संच्या तस्सं मुखपृष्ठावर उतरवलं.

अंक हातोहात खपला. ती घरात शिरतेय तोच संपादकांचा फोन आला, "मॅडम, कमाल केलीत! पुढच्या अंकालाही अस्संच काहीतरी हवं हं."

"हो सर," म्हणत ती लेकीच्या खोलीकडे वळली.


आज पहिल्यांदाच दार सताड उघडं होतं, आणि आतली भिंत कोरी होती.