काचेवरचा हात

इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची वायर भावोजींनी स्वतः काढून खिशात घातली होती. आता प्रयोगशाळेतल्या काचेची खिडकी असलेल्या चाचणीच्या कोठडीत नुसता इंधनाचा फवारा उडवायचा आणि काचेतून लेझरच्या उजेडात त्याचे फोटो घ्यायचे, एवढंच काम होतं.

पहिल्याच फोटोत आगीचा लोळ होता. काच फुटून उधळली होती आणि थेंबांबरोबर चार तुटकी बोटं उडत होती. एका बोटात ताईने भावोजींना दिलेली अंगठी.

फोटो घेणाऱ्या मेव्हणीने दचकून वर पाहिलं. काच शाबूत होती, आणि तिच्यावर हात टेकून भावोजी उभे होते.

"भावोजी, आधी हात काढा."

"अगं, वायर माझ्या खिशात आहे. पेटवायला काय तुझी ताई येणार?"

तिने त्यांना हिसडा मारून मागे ओढलं. तेवढ्यात लेझर पुन्हा लखलखला. नव्या फोटोत तोच लोळ, तशीच बोटं. अंगठी मात्र तिची स्वतःची होती.

ओढताना तोल जाऊन तिचाच तळहात काचेवर टेकला होता. तो उचलायच्या आत भावोजींच्या खिशात वायर तडतडली.